मिस्त्रींचा स्कोप

त्या दिवसांत मिस्त्री ज्याच्या घरी नळ दुरुस्त करायला जात, त्या घरच्या माणसाला एका भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. सिंकखाली आडवे पडलेले मिस्त्री तिथूनच विचारत, "समजा, तुम्हाला एक वस्तू घ्यायचीय. एक आहे स्वस्तातली, एक आहे महागातली. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. कुठली घ्याल?"

माणूस बिचारा समजे, नळाबद्दलच विचारतायत. "चांगला टिकेल तो बसवा," तो म्हणे.

"नळाचं विचारतोय का मी? नळाचं मला दुसऱ्याला विचारायची वेळ अजून आलेली नाही," मिस्त्री खालूनच खेकसत, आणि घरातलं माणूस उगाच शेजारच्या खोलीत जाऊन उभं राही.

वस्तू होती स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसवायची छोटी दुर्बीण. मिस्त्रींकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं, पण हा गृहस्थ दर रविवारी गोदामांच्या मागच्या क्लबात छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी करायचा. गेला होता तो क्लबाच्या टाकीचा पाइप बदलायला. काम झाल्यावर हात पुसता पुसता सहज म्हणाला, एक मारून बघू का? मारला तो छरा काळ्या वर्तुळाच्या पार मधोमध गेला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या कामाला आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नळ गळायचा थांबला की लोक पुन्हा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पुढच्या रविवारी मिस्त्री पाइप-बिइप काही नसताना क्लबात हजर झाले, ते झालेच.

तिथे त्यांना मास्तर भेटले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. बायकांचे कपडे शिवणारा, बारीक आवाजाचा, कुणाशी भांडण नको म्हणून दोन्ही बाजूंना मान डोलावणारा माणूस. या दोघांची जोडी जमली. क्लबात जोडीच्या स्पर्धेची एक पद्धत होती. एकाने उभ्याने नेम धरायचा, आणि त्याच्या जोडीदाराने त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं. छरे संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मग जागा बदलायच्या. असं एकमेकांच्या खांद्यामागे उभं राहून दोघं म्हातारपणाकडे झुकले होते, आणि क्लबाच्या फळ्यावर या दोघांची नावं कायम एका ओळीत असायची.

गेल्या वर्षापासून मात्र मिस्त्रींचे छरे भरकटायला लागले. आधी काळ्या वर्तुळाच्या कडेला, मग बाहेर. एकदा तर कागदच सोडून गेला. नेम धरायची नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच आता एका ओळीत दिसत नाहीत, अशी तक्रार मिस्त्री करायला लागले. "डोळे रे," मास्तर म्हणाले. "वय झालं आपलं. सगळ्यांचंच होतं." मिस्त्री डोळे तपासून आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचायला चष्मा लावा, लांबचं ठणठणीत आहे. मिस्त्रींनी त्या बाईंनाच नावं ठेवली. मशीन जुनं, खोलीत उजेड नाही, बाईंचं लक्ष फोनमध्ये. लांबचं ठणठणीत असतं तर छरे भिंतीत कशाला गेले असते?

अशात क्लबाने यंदा जोडीच्या स्पर्धेला स्कोप चालेल असं जाहीर केलं. मिस्त्रींना हायसं वाटलं. पण त्याच दमात चिटणीसबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. जोड्या आता जुन्या ओळखीवर ठरणार नाहीत, निवड चाचणी होईल. बँकेत काम करणारी एक मुलगी क्लबात नवीन आली होती, तिचा हात असा बसला होता की तिच्या कागदाला मध्यभागी एकच भोक पडायचं. तिला जोडीदार नव्हता. मास्तरांना होता, पण तो भिंतीत छरे मारणारा. चिटणीसबाई हे असं बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त मास्तरांकडे बघितलं. मिस्त्रींना ते बघणं पुरलं.

म्हणजे आता स्कोप घ्यायलाच हवा होता, आणि चांगला घ्यायला हवा होता.

दुकानदाराने काउंटरवर दोन स्टँड ठेवले आणि त्यांवर दोन स्कोप चढवले. एक स्वस्तातला, एक महागातला. मिस्त्रींनी स्वस्तातल्याला डोळा लावला. रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाची पाटी दिसली, पण कडेने धुरकट, आणि पांढऱ्या अक्षरांना जांभळी किनार. मग महागातल्याला डोळा लावला. पाटीवरचा पोपडा दिसला. पाटीमागे कोळ्याचं जाळं दिसलं. जाळ्यात कोळीही दिसला.

"अरे बाप रे," मिस्त्री म्हणाले.

"काचेचा फरक आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "संध्याकाळी उजेड कमी झाला की अजून कळेल. हा स्वस्तातलाही वाईट नाही म्हणा. बरेच लोक नेतात."

"मग परत आणून देतात का?"

"काही आणतात," दुकानदार म्हणाला. या उत्तराचं करायचं काय, ते मिस्त्रींना कळेना. माणूस विकायला बसलाय की सल्ला द्यायला? एक काय ते सांग ना बाबा!

घरी सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. मेहुणा आला. मेहुण्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, पण त्याने फोनवर या विषयाचे ढीगभर व्हिडिओ बघितले होते. "भाऊजी, बंदुकीपेक्षा स्कोपवर जास्त खर्च करायचा असतो," तो पाय पसरून म्हणाला. "स्वस्तातला आज नेमाशी जुळवाल, उद्या नेम भलतीकडे. आतली नेमाची फुलीच सरकते त्यांची. एकदाच घ्या, पण भारीतला घ्या."

"पैसे तू देतोस का?" मिस्त्रींची बायको आतून म्हणाली. ती बेकरीत काउंटरवर उभी राहायची, त्यामुळे बोलणं रोखठोक होतं. तिने दोघांपुढे चहा ठेवला. मेहुण्याचा कप काठोकाठ, मिस्त्रींचा अर्धा. हेही हल्ली चाललं होतं. विचारलं तर म्हणायची, लागला तर परत घ्या की. मिस्त्रींना या अर्ध्या कपाचासुद्धा राग यायचा.

सगळ्यांत डोकं फिरवलं ते मास्तरांनी. त्यांचं एकच पालुपद. "स्वस्तातला घे."

"तुझ्यासारखा?" मास्तरांच्या बंदुकीवर बिनकामाचा वाटावा असा एक साधा स्कोप होता.

"माझ्यासारखाच घे. आणि फार मोठं दाखवणारा तर घेऊच नकोस. काय करायचंय एवढं मोठं करून? कागद दिसला की झालं."

"कागद दिसून काय करू? मध्य दिसायला नको?"

"मध्य दिसतो रे. जास्त बघितलं की माणूस जास्त विचार करतो."

मिस्त्रींना वाटलं, हा माणूस जन्मभर उरलेल्या तुकड्यांतून खिसे काढत आला, याला काचेचं मोल काय कळणार. असं ते बोलूनही गेले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि पुन्हा म्हणाले, "तरी पण स्वस्तातलाच घे."

तिथेच मिस्त्रींचा निर्णय पक्का झाला. तुंबलेली गटारं साफ करायचं मशीन घ्यायला त्यांनी पैसे बाजूला टाकले होते. ते उचलले, दुकानात गेले आणि महागातला स्कोप घेऊन आले. आणताना बसमध्ये खोका मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईने विचारलं, काही नाजूक आहे का? मिस्त्री म्हणाले, "काच आहे. पण भारीतली."

बसवायचं काम सोपं होतं. बंदुकीवर दोन कड्या, कड्यांत स्कोप, कड्यांना बारीक स्क्रू. खोक्यात एक चिमुकली किल्ली होती आणि कागदावर लिहिलं होतं की बोटांच्या जोरानेच आवळा, जास्त नको. मिस्त्री हसले. आवळायचं कसं हे आता कागद शिकवणार! त्यांनी किल्ली फेकून दिली, स्वतःच्या पेटीतली लांब दांड्याची किल्ली काढली आणि आवळलं. स्क्रू बसला. मग, पाणी गळायला नको म्हणून प्रत्येक नटाला देतात तसा, आणखी अर्धा फेरा दिला. हल्ली तर हा अर्धा फेरा जरा जास्तच बसत होता. कुठे थांबायचं ते बोटांना पूर्वी आपोआप कळायचं, आता कळत नव्हतं, म्हणून ते जोर लावून मोकळे होत. त्यात इतक्यातच एका घरी नळाचा आटा चिरला होता, दुसऱ्या घरी फ्लशच्या टाकीचा नट. दोन्ही वेळा मिस्त्रींनी कंपनीला शिव्या घातल्या होत्या. आजकालचा माल म्हणजे माल राहिलाय कुठे.

क्लबात वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून ते स्कोप जुळवायला बसले. कागद असा दिसत होता की हात लांब करून उचलावा. पहिला छरा थोडा डावीकडे गेला. त्यांनी नेम सरकवायची बाजूची चकती फिरवली. टिक टिक वाजायला हवं होतं, वाजलं नाही. दुसरा छरा त्याच जागी. अजून फिरवली. तिसराही तिथेच. चकती कशीबशी फिरत होती आणि आतलं काही हलत नव्हतं. चित्र मोठं-लहान करायची कडी तर जाम झाली होती. मिस्त्रींनी तिला पकड लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

मिस्त्री तडक दुकानात गेले. दुकानदाराने कड्या सोडवल्या आणि स्कोपच्या नळीवरून अंगठा फिरवला. दोन्ही कड्यांच्या जागी नळी दबली होती. "हे कुणी आवळलं, साहेब?"

"मी. का?"

"आतली नळी अडकलीय. एवढं आवळायचं नसतं हो."

"एवढं महागाचं आणि आवळलेलं सहन होत नाही?" मिस्त्रींचा आवाज दुकानाबाहेर गेला. "मी जस्ताचे पाइप आवळतो, पितळ आवळतो, कुणी तक्रार केली नाही आजवर! बदलून द्या."

दुकानदाराने त्यांच्यासमोरच कंपनीला फोन लावला. कंपनीतल्या माणसाने फोटो मागवला, बघितला आणि गोड आवाजात सांगितलं की हा वापरणाऱ्याचा दोष, गॅरंटीत बसत नाही. मिस्त्रींनी फोन हिसकावून त्याला बरंच सुनावलं. तो प्रत्येक वाक्यानंतर "आपली अडचण समजू शकतो सर" म्हणत राहिला. शिवी दिली असती तर बरं, असं मिस्त्रींना झालं. दबलेला स्कोप खोक्यात घालून ते पायीच घरी आले. दार ढकलून आत गेले तर समोर मेहुणा.

"मी तरी सांगत होतो..." तो सुरू झाला.

"तू भारीतला घे म्हणून सांगत होतास!" मिस्त्री ओरडले. मेहुणा चहा न घेताच निघून गेला. त्या महिन्यात तेवढी एकच गोष्ट मनासारखी घडली.

चाचणीच्या सकाळी मिस्त्री क्लबात आले ते रिकाम्या हातांनी. बिघडलेल्या स्कोपचं मास्तरांच्या कानावर आलंच होतं. त्यांनी आपली बंदूक पुढे केली आणि म्हणाले, "आधी मी मारतो, मग तू हीच घे. नियमात बसतं, मी विचारलंय."

मास्तरांनी आपले छरे मारले. फार भारी नाही, पण सगळे काळ्यात. मग जागा बदलल्या. मास्तर डाव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले आणि मिस्त्रींनी बंदूक खांद्याला लावली. स्कोपमधून उभ्याने नेम धरायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. दुकानात स्कोप स्टँडवर होता, जुळवताना वाळूच्या पिशवीवर.

काच धुरकट होती, पण कागद दिसला. काळं वर्तुळ दिसलं. आतली काळी फुली त्या वर्तुळावर आली, आणि थांबली नाही. वर गेली, खाली आली, उजवीकडून डावीकडे भटकली, कागदाबाहेर जाऊन परत आली. मिस्त्रींनी श्वास रोखला. फुली आणखीनच नाचायला लागली. त्यांनी बंदूक खाली घेतली.

"मास्तर, हा तुझा स्कोप बिघडलाय."

मास्तर नियमाप्रमाणे गप्प.

"अरे बोल की! आतली फुली सुटलीय. स्वस्तातलं घेतलं की हे असं होतं. तू यातून मारलंस तरी कसं?"

"मला ठीक दिसली," मास्तर हळूच म्हणाले.

"ठीक? थांब, दाखवतोच तुला." मिस्त्री बंदूक घेऊन शेजारच्या टेबलाकडे गेले, वाळूच्या पिशवीवर ती नीट टेकवली, हात काढून घेतले आणि नुसता डोळा लावला. "बघ आता, कशी..."

फुली जागच्या जागी उभी होती. कागदावर काळ्या शाईने छापल्यासारखी, तसूभरही हलत नव्हती.

त्यांनी बंदूक उचलून खांद्याला लावली. फुली नाचायला लागली. पुन्हा पिशवीवर ठेवली. थांबली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा त्यांनी स्कोपमध्ये बघितलंच नाही. दुसरा डोळा उघडून नळीच्या टोकाकडे बघितलं, आणि मग नळीखाली धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. आपलाच हात त्यांनी असा कधी बघितला नव्हता. बंदूक खाली ठेवायला त्यांना वेळ लागला.

मागे मास्तर उभे होते. नजर जमिनीवर.

"तुला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले.

"मागेच उभा असतो ना मी," मास्तर म्हणाले. "समोरची भिंत पांढरी आहे. तिच्यावर नळीचं टोक हलताना दिसतं."

"कधीपासून?"

"झालं बरंच."

"आणि वर्षभर मला डोळे डोळे म्हणून नाचवलंस? डॉक्टर झाली, दुकान झालं, त्या मूर्ख मेहुण्याचं ऐकून घेतलं! मशीनचे पैसे मी त्या काचेत घातले, मास्तर! तू घालू दिलेस!"

"मी स्वस्तातला घे म्हणत होतो," मास्तर म्हणाले. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "लहान दाखवणारा घे म्हणत होतो. त्यात हलतं तेवढं दिसत नाही. मला वाटलं, स्कोप आला की तू येत राहशील. छरे गेले बाहेर तर जाऊ देत."

"सांगायचं होतंस सरळ."

"काय सांगायचं? तू हातावर पोट असलेला माणूस. मी तोंडाने बोललो असतो आणि कुणी ऐकलं असतं तर?"

मिस्त्रींना मास्तरांची कॉलर धरावीशी वाटत होती. त्याच वेळी असंही वाटत होतं की या माणसाने असंच मागे उभं राहावं, इथून हलूच नये. दोन्ही इतकं एकदम वाटलं की ते नुसतेच उभे राहिले. चीड कुणावर काढायची ते आता कळत नव्हतं. कंपनी नाही, दुकानदार नाही, काच नाही, डॉक्टरबाई नाही. शिव्या घालायला कुणी उरलंच नव्हतं.

"चला, मिस्त्री, तुमचे छरे राहिलेत," फळ्यापाशी उभ्या असलेल्या चिटणीसबाईंनी हाक दिली. बँकेतली मुलगी त्यांच्या शेजारी आपली बंदूक पुसत उभी होती.

मिस्त्री फळ्याकडे निघाले. मास्तरांनी त्यांचा दंड धरला. "अजून मारू शकतोस तू. बसून मारायचा प्रकार असतो, पिशवीवर टेकवून..."

"सोड," मिस्त्री म्हणाले. फळ्यापाशी पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते. "बाई, माझं नाव पुसा. मास्तरांपुढे हिचं लिहा."

"अहो, असं काय? एकही मारला नाहीत तुम्ही. आणि तो नवा स्कोप घेतला होतात ना? महागातला?"

"काय उपयोग. डोळे गेले, बाई. दिसतच नाही."

चिटणीसबाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी फळ्यावरचं नाव बोटाने हळूहळू पुसलं आणि म्हणाल्या, वयाचं काही सांगता येत नाही, माझ्या वडिलांचंही असंच झालं. मास्तर येऊन मिस्त्रींच्या मागे उभे राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"मिस्त्री, आता विचारू की नको असं झालंय," चिटणीसबाई म्हणाल्या, "पण आमच्या बाथरूमचा नळ फार गळतोय हो. तुम्हाला जमेल का, या डोळ्यांनी?"

"न जमायला काय झालं," मिस्त्री म्हणाले. "नळाला डोळे कशाला लागतात? ते सगळं हाताचं काम."

"मग उद्या सकाळी येता?"

"येतो की," मिस्त्री म्हणाले. निरोप घ्यायला बाईंनी हात पुढे केला होता. तो न दिसल्यासारखं करून, खिशातले हात खिशातच ठेवून ते फाटकाकडे चालू लागले.